वाडीतले एक पीक गेले, की कोणते पाखरू जाते?

वसईच्या हिरव्या पट्ट्याची चर्चा नेहमी क्षेत्रफळात होते: किती एकर उरले, किती बांधकामाखाली गेले. पक्ष्यांच्या दृष्टीने हा हिशेब अपुरा आहे. त्या हिरव्या पट्ट्यात काय काय पिकते, हेही तितकेच महत्त्वाचे.

पारंपरिक वाडीत केळी, नारळ, पानवेल, भाजीपाला आणि फुलझाडे शेजारी शेजारी असतात. जवळच भातखाचर आणि बावखल. सुगरण पक्ष्याचे उदाहरण घ्या. तो दाणे टिपतो, पिल्लांना मात्र किडे भरवतो. घरट्यासाठी नर भाताच्या किंवा माडाच्या पात्यांचे लांब धागे काढतो आणि बहुधा पाण्यावर झुकलेले झाड निवडतो. म्हणजे एका पक्ष्याला खाचर, झाड आणि पाणी असे तिन्ही जवळ लागते. शिंजिराला केळफुलातला, जास्वंदीतला मध हवा. ढोकरीला बावखलातले मासे-बेडूक.

खाचर पडीक राहिले किंवा बावखल बुजवले, तरी नकाशावरचा हिरवा रंग फारसा बदलत नाही. पाखरांची यादी मात्र बदलते. कावळे, कबुतरे तगतात; ठरावीक अन्न आणि जागा लागणारे पक्षी आधी हटतात. २०२३च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालातही हाच कल दिसतो. दीर्घकालीन कल काढता आलेल्या ३३८ जातींपैकी ६० टक्के जाती घटल्या आहेत.

युरोप आणि कॅनडातील ४३५ शेतीप्रदेशांचा अभ्यास २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. शेतांचे तुकडे लहान असतील तिथे पक्षी, फुलपाखरे, मधमाश्या, वनस्पती अशी एकूण जैवविविधता जास्त आढळली. पिकांचे प्रकार वाढवण्याचा फायदा मात्र आसपास नैसर्गिक झाडोरा किती आहे, यावर अवलंबून होता. वसईच्या लहान वाड्या, झुडपी कुंपणे आणि बावखले यांचे मोल इथे कळते.

शेतकऱ्यालाही यात लाभ आहे. कोतवाल आणि वेडा राघू किडे टिपतात, गव्हाणी घुबड उंदीर मारते. पण मजुरी, विहिरींचे खारट पाणी आणि जमिनीचे भाव यांपुढे केवळ पक्ष्यांसाठी कोणी भात लावणार नाही. म्हणून मदतही खाचर आणि बावखल राखणाऱ्याला मिळायला हवी.

सुरुवात नोंदीपासून करता येईल. २००२च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. तिच्यात झाडांबरोबर गावोगावची पिके, बावखले आणि तिथले पक्षी दरवर्षी लिहिले, तर काय हातचे जाते आहे ते वेळेत कळेल.