जुन्या रेशमी साडीला नवा रंग



लग्नसराई तोंडावर आली की ट्रंक उघडली जाते. तळाशी आपल्या लग्नातली पिवळी रेशमी साडी निघते. पोत चांगला, पण रंग विटलेला. नवी घ्यावी, तर बियाण्या-खताचे पैसे अजून द्यायचे असतात. मग वाटते, घरीच रंग द्यावा. जरूर द्यावा, पण आधी धागा ओळखावा, मगच रंग आणावा.

हे मी नुकसान सोसून शिकले. सुती लुगडी रंगवायची सवय, म्हणून आईची रेशमी साडीही मी धुण्याचा सोडा घालून उकळली. रंग चढला, पण तकाकी गेली, कापड खरखरीत झाले. ती साडी पुन्हा कोणी नेसले नाही.

साडीच्या आतल्या टोकाचा एक धागा चिमट्यात धरून जाळा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांनी चुरडली, तर रेशीम. कागद जळल्यासारखा वास आला, तर सूत. धागा वितळून टणक मणी झाला, तर पॉलिएस्टर. त्याला हा घरगुती रंग धरत नाही. घडीवर कापड विरले असेल, तर रंगवूच नका. चांगल्या भागाचे लेकीला परकर-पोलके शिवा.

रंग नेहमी गडदाकडे न्यावा. पिवळ्यावर निळा चढवला की हिरवा होतो, लाल चढवला की नारिंगी. फिक्या रंगात जुने डाग लपत नाहीत. रेशमी काठही रंगतील, हे ध्यानात ठेवा. जर असेल, तर आतल्या टोकाचा छोटा तुकडा आधी रंगवून पाहा. खोटी जर काळी पडू शकते.

दुकानात रेशमाचाच रंग मागा आणि पुडीवरचे प्रमाण पाळा. अर्धा किलो वजनाच्या साडीला १२ ते १५ लिटर पाणी हवे. पातेले स्टीलचे घ्या. जर्मनचे किंवा लोखंडी नको. त्यात पुन्हा स्वयंपाक करू नका.

साडी सौम्य साबणाने धुऊन ओलीच ठेवा. रंग थोड्या गरम पाण्यात विरघळवून फडक्यातून गाळा आणि पातेल्यातल्या कोमट पाण्यात मिसळा. साडी मोकळी करून सोडा व काठीने सतत हलवा. मंद आचेवर अर्ध्या तासात पाणी चांगले तापू द्या, पण उकळी फुटू देऊ नका. मग साडी बाजूला उचलून पाण्यात अर्धा कप व्हिनेगर घाला, साडी परत सोडा आणि आणखी अर्धा तास हलवा. पाणी निवाल्यावरच साडी काढा. निथळ पाणी येईपर्यंत खळबळा, पिळू नका, सावलीत वाळवा. पहिल्या काही धुण्यांना ती वेगळीच धुवा. उरलेले रंगाचे पाणी विहिरीजवळ किंवा गुरांच्या हौदाजवळ ओतू नका.

सुती साडीला मात्र सुताचा रंग आणि व्हिनेगरऐवजी मीठ लागते.

घाईत, लग्नाच्या आदल्या दिवशी हे काम काढू नका. आठ दिवस हाताशी ठेवा. एकदा चढलेला रंग घरी उतरवता येत नाही; पण नीट चढला, तर तीच साडी नेसून मांडवात मिरवता येईल.