डोंगळ्यावरच्या माश्या मोजणार कोण?

फेब्रुवारी-मार्चमध्ये बियाण्यासाठी लावलेला कांदा, म्हणजे शेतकऱ्यांचा डोंगळा, पांढऱ्या गोंड्यांनी भरून जातो. बी किती भरणार हे बरेचसे या काही आठवड्यांतच ठरते. कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतात, तेव्हा त्याच फुलाचा स्त्रीकेसर तयार नसतो. त्यामुळे एका फुलाचा पराग दुसऱ्यावर नेणारे कोणीतरी लागतेच. पराग चिकट असल्याने हे काम वाऱ्याच्या भरवशावर सोडता येत नाही.

त्यावर आज सुचवला जाणारा उपाय म्हणजे शेतात मधमाश्यांच्या पेट्या ठेवणे. तो चुकीचा नाही, पण पुरेसाही नाही. कांद्याच्या मकरंदात पोटॅशियमचे प्रमाण जास्त असते. जवळ दुसरे बरे फूल मिळाले की पेटीतल्या माश्या कांदा सोडून तिकडे वळतात. मग गोंड्यांवर उरतात त्या कोणीही न पाळलेल्या माश्या: आग्या, फुलोरी आणि जमिनीत बीळ करून एकट्या राहणाऱ्या लहान माश्या.

त्यांचे मोल किती? जगभरातील ४१ पीकपद्धतींतील ६०० शेतांची माहिती एकत्र करून २०१३ मध्ये ‘सायन्स’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फुलांवरच्या भेटी सारख्याच वाढल्या, तर रानटी कीटकांमुळे होणारी फळधारणेतील वाढ पाळीव मधमाश्यांच्या दुप्पट होती. शिवाय पाळीव माश्या भरपूर असलेल्या शेतांतही रानटी कीटकांचा फायदा दिसत होता.

अशी माहिती गोळा करण्याची पद्धत साधी पण कंटाळवाणी आहे. ठरलेल्या पट्ट्यातून ठरलेल्या वेळी चालत फुलांवरच्या माश्या मोजायच्या. काही गोंडे जाळीने झाकायचे, काही उघडे ठेवायचे आणि काहींवर हाताने जादा पराग लावायचा. शेवटी तिन्हींचे बी मोजायचे. हाताने पराग लावलेल्या गोंड्यात उघड्या गोंड्यापेक्षा बरेच जास्त बी भरले, तर शेतात माश्या कमी पडल्या असे समजायचे. जाळ्यात पकडलेल्या माश्यांची जात ठरवायला पुढे सूक्ष्मदर्शकापाशी कित्येक महिने जातात. त्यातच माश्यांची संख्या वर्षागणिक इतकी वरखाली होते की एका हंगामाच्या आकड्यावरून ‘माश्या घटल्या’ किंवा ‘वाढल्या’ म्हणणे धाडसाचे ठरते. बातम्यांत मात्र ते सर्रास म्हटले जाते.

केंद्राच्या मधमाशीपालन व मध अभियानासाठी ५०० कोटींची तरतूद जाहीर झाली. पेट्या, मध, प्रक्रिया या गोष्टी मोजता येतात, त्यांना अनुदान देता येते. बांधावरच्या बिळातली माशी कोणत्याच रकान्यात बसत नाही. बांध नांगरला की तिचे घर जाते. फुलकिड्यांसाठी भर फुलोऱ्यात, सकाळच्या उन्हात फवारणी झाली की तीही जाते आणि भाड्याने आणलेल्या पेटीतलीही. फवारणी टाळताच येत नसेल तर निदान माश्या परतल्यावर, संध्याकाळी करावी, हा सल्ला जुनाच आहे. गावात पाण्याच्या टाकीखालचे आग्या मोहोळ जाळताना तर पिकाचा विचार कोणाच्या मनातही येत नाही.

सूर्यफुलात माश्या कमी असतील तर तळहाताला मऊ कापड गुंडाळून ते फुलांवरून हळुवार फिरवण्याची शिफारस कृषी विभाग कित्येक वर्षे करीत आहे. ते काम मजूर लावून, सकाळच्या ठरावीक वेळात आणि फुलोऱ्याच्या दिवसांत पुन्हापुन्हा करावे लागते. रानटी माशी हेच फुकट करते. तिची किंमत काढायची, तर हिशेब या मजुरीपासूनच सुरू करता येईल.