‘भरतीवाला’ अविनाश

पहाटे पाचला विजापूर रोडला एक चक्कर मारा. अंधारात पोरं-पोरी पळताना दिसतील. ऑलिम्पिकसाठी नाही, भरतीसाठी. कॉलेजात आपण त्यांना ‘भरतीवाले’ म्हणतो, तेही जरा हसूनच.

अविनाश साबळे असाच एक भरतीवाला. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. घर शेतकऱ्याचं, शाळा सहा किलोमीटर लांब. कधी चालत जायचा, कधी पळत. बारावी झाली आणि तो लष्करात गेला, 5 महार रेजिमेंटमध्ये. पोस्टिंग कुठं, तर थेट सियाचीन! मग राजस्थानचं वाळवंट, मग सिक्कीम. शर्यतीत उतरला तो 2015 साली, लष्कराच्या क्रॉस कंट्रीत. म्हणजे विशी ओलांडल्यावर. त्या वयात आपल्यातले निम्मे ‘आता काय उपयोग’ म्हणून ग्राउंड सोडतात.

नंतर आली 3000 मीटर स्टीपलचेस. 28 अडथळे आणि सात वेळा पाण्यावरून उडी. 2018 मध्ये त्यानं गोपाल सैनी यांचा 37 वर्षं टिकलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. 2023 ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण, 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकची फायनल. पण मला विचाराल तर बर्मिंगहॅमचं रौप्य सगळ्यात भारी. 1998 पासून सलग सहा कॉमनवेल्थमध्ये या शर्यतीची तिन्ही पदकं केनियानं नेली होती. 2022 मध्ये हा गडी त्यांच्या मधोमध घुसला, आणि सुवर्ण हुकलं फक्त 0.05 सेकंदानं.

आता मुद्दा. अविनाशचंच बघा. तो आधी भरती झाला, मग सापडला. जे भरतीच होत नाहीत, त्यांचं काय? पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत 50 पैकी 20 गुण पळण्याचे असतात. पोरांना 1600 मीटर, पोरींना 800. गावोगावची हजारो पोरं एकाच अंतरावर पळतात आणि प्रत्येकाची वेळ सरकारच मोजून लिहून ठेवतं. एवढी मोठी निवड चाचणी कुठला क्रीडा विभाग घेऊ शकेल? पण लेखी परीक्षेत दोन मार्क कमी पडले की ती वेळही फायलीत बंद.

प्रत्येक जिल्ह्यातल्या पहिल्या वीस वेळा काढा. ती पोरं-पोरी महिनाभर एखाद्या कोचच्या हाताखाली सिंथेटिक ट्रॅकवर पळवून बघा. खर्च फार नाही, यादी तयारच आहे. मागायची कुणी, एवढंच ठरायचंय.