आधी बंबाचा हिशेब, मग सायकलची वर्गणी

रस्त्याकडेला / वाटसरू

लांबच्या वाटेला लागलेल्याला पाणी पाजायचं, हे धाराशिव जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. नवरात्र जवळ आलं की गावोगावची पोरं तुळजापुरात येऊन मशाल पेटवून घेतात आणि भवानी ज्योत घेऊन आळीपाळीनं पळत आपल्या गावाकडं निघतात. मागं टेम्पो, त्यावर भोंगा. कोजागरीला सोलापूर-तुळजापूर रस्ता पायी येणाऱ्यांनी भरून जातो आणि वाटेत चहा, केळी, फराळ हातात ठेवायला माणसं उभी असतात. अशा जिल्ह्यात अग्निशमन दलाचे जवान मदतनिधीसाठी सायकलवर निघाले, तर त्यांना रिकाम्या हातानं कोणी पाठवणार नाही. प्रश्न त्यापुढचा आहे. जमलेला पैसा कशावर खर्चायचा?

ब्रिटनमध्ये याचं उत्तर कधीच ठरून गेलंय. लँड्स एंड ते जॉन ओग्रोट्स, म्हणजे देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सुमारे चौदाशे किलोमीटर. तिथले फायरमन हा पल्ला सायकलनं मारतात आणि लोकांकडून मिळालेले पैसे 'द फायर फायटर्स चॅरिटी' या संस्थेला देतात. ही संस्था 1943 सालची. जर्मन बाँबहल्ल्यांत आग विझवताना मेलेल्यांच्या घरच्यांसाठी निघालेला तो निधी. आज तिची डेव्हन, कंब्रिया आणि लिटलहॅम्प्टन इथं केंद्रं आहेत. पाठ धरलेला, गुडघा गेलेला, भाजलेला किंवा मनानं खचलेला जवान तिथं जाऊन राहतो आणि बरा होऊन कामावर परततो. नवा बंब घ्यायला तिथं कुणी सायकल चालवत नाही. बंब घेणं हे शासनाचं काम, त्यासाठी लोकांनी कर भरलेला असतो.

ब्रिटनमध्ये हा निधी उभा राहिला त्याच्या पुढच्याच वर्षी, 14 एप्रिल 1944 रोजी, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजाचा स्फोट झाला. कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकाच जहाजात भरण्याचा शहाणपणा कुणीतरी केला होता. आग विझवायला गेलेले 66 जवान त्यात गेले. तोच दिवस आता देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्रात त्याच दिवशी आंबेडकर जयंती असते. सारा गाव मिरवणुकीत, तेव्हा बंबावरच्या माणसांच्या वाट्याला बंदोबस्त येतो, सत्कार नाही. पुढं 9 मे 2015 ला काळबादेवीच्या गोकुळ निवासला आग लागली, इमारत कोसळली आणि मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी गेले. दरवर्षी मानवंदना होते, बिगुल वाजतो. पण जखमी फायरमनला बरं करून पुन्हा पायावर उभं करणारं एकही घर मुंबईपासून उमरग्यापर्यंत माझ्या पाहण्यात नाही.

आता आपल्या जिल्ह्याकडं या. आठ नगरपालिका, दोन नगरपंचायती आणि सातशेहून जास्त गावं. आग विझवणं हे काम घटनेच्या बाराव्या अनुसूचीत, म्हणजे शहरांच्या यादीत आहे. पंचायतींच्या अकराव्या अनुसूचीत एकोणतीस विषय आहेत, त्यात आग नाही. आगीला मात्र अनुसूची वाचता येत नाही. ती शिवारात लागते, आणि नगरपालिकेचा बंब हद्द सोडून पंचवीस-तीस किलोमीटर पळतो.

ज्वारीची काढणी झाली की कडब्याच्या गंजी लागतात. वीजवाहिनीची ठिणगी, कुणी बांध पेटवलेला, कधी विडीचं थोटूक, आणि गंज धडधडते. जनावरांचा वर्षभराचा चारा तो. बंब येतो तेव्हा वरचा जाळ पाण्यानं लगेच बसतो, लोक टाळ्या वाजवतात, आणि खरं काम तिथून सुरू होतं. कडबा दाबून रचलेला असतो. पाणी वरच्या वर निथळतं आणि आत गंज धुमसत राहते. जेसीबी मिळाला तर बरं, नाहीतर दाताळ्यानं पेंढी-पेंढी ओढून, पसरून, विझवावी लागते. धूर डोळ्यांत, वर एप्रिलचं ऊन. साधारण साडेचार हजार लिटरची टाकी, पूर्ण दाबानं सोडली तर काही मिनिटांत खडखडाट. मग विहीर शोधा. विहिरीला पाणी असेल तर मोटारीला वीज नसते. हे सगळं करणारी माणसं अनेक नगरपालिकांत कंत्राटी असतात. हात भाजला तर रजा कुठली आणि पगार कुठला, हे ठेकेदाराच्या मर्जीवर.

म्हणून सांगतो, या मंडळींनी बंबासाठी, गणवेशासाठी, होजसाठी सायकल चालवली तर मी एक रुपया देणार नाही. ती भीक होईल, आणि ज्यांनी द्यायचं ते हात झटकून मोकळे होतील. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियमाखाली इमारतींकडून अग्निशमन शुल्क घेतलं जातं. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्रानं राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी 5,000 कोटींची योजना 2023 मध्ये आणली. पैसा नाही असं नाही. आपल्या नगरपालिकेनं शुल्क किती घेतलं आणि बंबावर किती घातलं, हे विचारायला सायकल लागत नाही, माहिती अधिकाराचा अर्ज पुरतो.

पण जखमी जवानाच्या औषधपाण्यासाठी, त्याच्या पोरांच्या शिक्षणासाठी निघणार असाल तर मी पहिला दाता. आणि नुसती फीत कापून तुळजापूरपर्यंत फोटोपुरतं जाऊ नका. लोहारा तालुक्यातल्या सास्तूरहून निघा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपानं जमीन हलली तेव्हा ढिगाऱ्याखालून माणसं काढायला पहिल्यांदा गावकऱ्यांचेच हात होते. प्रशिक्षित पथक जवळ असणं म्हणजे काय, हे त्या गावांना समजावून सांगायला नको. तिथून उमरगा, सोलापूर, पुणे करत मुंबईच्या गोदीपर्यंत पाचशे किलोमीटरच्या आसपास पल्ला होतो. दिवस मात्र एप्रिलचे नकोत. अग्निशमन सेवा दिनाच्या आठवड्याचा मोह होईल, पण तेव्हाच गंजी पेटतात, आणि जवान सायकलवर असताना ठाण्यात फोन वाजला तर जायचं कुणी? नवरात्रात तुळजापूरचा बंदोबस्त, पौषात शाकंभरी नवरात्र. मधला मार्गशीर्ष बरा. हवा गार, अंगाला सोसणारी. जायचं त्यानं स्वतःच्या राजीखुशीनं जावं, साहेबांच्या तोंडी आदेशानं नव्हे, आणि ते दिवस ड्यूटी म्हणून हजेरीपटावर लागावेत. कंत्राटी माणसाचे सुद्धा.

निधीची पेटी जवानांनीच सांभाळावी, दरवर्षी हिशेब ठाण्याच्या फळ्यावर लावावा. आणि वाचकहो, तुमच्या गावातून ते गेले तर चहा जरूर पाजा. पण त्याच आठवड्यात नगरपालिकेत जाऊन एवढं विचारून या: आपल्या बंबावर कायम नोकरीतली माणसं किती, आणि कंत्राटी जवानांचा विमा उतरवलाय का?