आजीच्या हातची सुई काढून घेऊ नका

दिवाळी आटोपली की आपल्या वर्धा जिल्ह्यात घरोघरी जुन्या लुगड्यांची गाठोडी सुटायची आणि वाकळी, गोधड्या शिवायला घेतल्या जायच्या. आता दुकानात तयार ब्लँकेट मिळते. ‘म्हातारपणी हा खटाटोप कशाला? डोळे जातील, सुई बोचेल,’ असे म्हणून मुले-सुना आजीच्या हातचे काम काढून घेतात. हेतू चांगला असला तरी परिणाम वाईट होतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

झोप नाही, भूक नाही, आठवत नाही अशा तक्रारी घेऊन अनेक वृद्ध स्त्रिया माझ्याकडे येतात. दिवसभर काय करता, असे विचारले की उत्तर मिळते, ‘काही नाही जी, बसूनच राहतो.’ अशा वेळी थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्व आणि मनाची उदासी यांची तपासणी आधी झालीच पाहिजे. गोधडी हा त्याला पर्याय नव्हे. परंतु रिकाम्या हातांना काम देणे हाही उपचाराचा भाग आहे.

गोधडी म्हणजे केवळ टाके नव्हेत. कोणत्या रंगाशेजारी कोणता शोभेल, कोणता काठ कडेला लावायचा, थर किती द्यायचे, हे सारे डोक्यानेच ठरवावे लागते. लेकीचा परकर, धन्याचे धोतर हाताळताना आठवणीही जाग्या होतात.

अमेरिकेत डॅलस येथील टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली ६० ते ९० वर्षे वयाच्या २२१ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात काहींनी तीन महिने, आठवड्याला सुमारे १५ तास गोधडीकाम, फोटोग्राफी किंवा दोन्ही शिकून घेतले. काहींनी फक्त गप्पा, सहली केल्या. नवे काम शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती अधिक सुधारली. फोटोग्राफीचा लाभ जास्त दिसला, हेही सांगितले पाहिजे. पण मुद्दा नवे शिकण्याचा आहे. म्हणून कडेकडून मध्याकडे जाणारा नेहमीचा धावदोरा येत असेल, तर यंदा त्रिकोणी तुकडे जोडून चांदणी करावी, ठिगळांतून मोर किंवा तुळशीवृंदावन उभे करावे. बंगालच्या कांथ्यात आणि बिहारच्या सुजनीत बाया धाग्याने चित्रे काढतात. आपल्या आजीने कपाशीचे शेत, बैलजोडी का काढू नये?

काही पथ्ये मात्र पाळावीत.

१) आधी डोळे तपासावेत. जवळचा चष्मा घ्यावा. मोतीबिंदू असल्यास सरकारी रुग्णालयात मोफत शस्त्रक्रियेची सोय असते.

२) काम दिवसाच्या उजेडात, पाठीला आधार घेऊन करावे. अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे.

३) मधुमेह असल्यास बोटात अंगुस्तान घालावे. काम संपल्यावर सुया मोजून डबीत ठेवाव्यात. बधिर पायात सुई शिरली तरी कळत नाही, आणि जखम चिघळते.

४) जुने कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवावेत. दम्याच्या रुग्णाने ते झटकू नयेत.

ब्लँकेट खुशाल विकत आणा. परंतु आजीला चष्मा, चांगला दोरा आणि खिडकीजवळची जागा द्या. सुईत दोरा ओवायला नातवंडांना बसवा. तेही दोन टाके शिकतील.