विश्लेषण : परवानगी नसलेला ‘एचटीबीटी’ कापूस शेतात कसा पोहोचतो?

खरीप जवळ आला की विदर्भात ‘चोर बीटी’ची चर्चा सुरू होते. तणनाशक फवारले तरी हा ‘एचटीबीटी’ कापूस तग धरतो. त्याला देशात परवानगी नाही, तरीही बियाण्याची पाकिटे गावागावांत पोहोचतात. जनुकीय सुधारित (जीएम) वाणांसाठी कडक नियम असताना हे कसे घडते?

परवानगी कोण देते?
पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ चे नियम यासाठी लागू आहेत. आधी संशोधन संस्थेतील जैवसुरक्षा समिती, मग जैवतंत्रज्ञान विभागाची ‘आरसीजीएम’ आणि शेवटी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाची ‘जीईएसी’ समिती प्रस्ताव तपासते.

शेतातील चाचणी कशी होते?
पहिल्या टप्प्यात एका ठिकाणी कमाल १ एकर, दुसऱ्या टप्प्यात अडीच एकर क्षेत्र असते. परागकण शेजारच्या पिकात जाऊ नयेत म्हणून ठरावीक अंतर सोडावे लागते. काढणीनंतर उरलेली झाडे नष्ट करतात आणि तिथे पुन्हा उगवणाऱ्या रोपांवरही लक्ष ठेवतात. राज्य सरकारचे ना हरकत प्रमाणपत्रही लागते.

आतापर्यंत कोणत्या पिकांना मंजुरी?
बीटी कापसाला २००२ मध्ये मंजुरी मिळाली. बीटी वांग्याला ‘जीईएसी’ने २००९ मध्ये हिरवा कंदील दाखवला, पण फेब्रुवारी २०१० मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी त्याला स्थगिती दिली. ‘डीएमएच-११’ मोहरीची शिफारस २०२२ मध्ये झाली; प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

‘एचटीबीटी’चे काय झाले?
तणनाशक सहन करणाऱ्या कापसाच्या मंजुरीचा अर्ज महिकोने २०१६ मध्ये मागे घेतला. मात्र निंदणीला मजूर मिळत नाहीत आणि मजुरी परवडत नाही, म्हणून या बियाण्याला मागणी राहिली. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने जाहीर पेरणी करून कायदेभंगही केला.

धोका कोणाला?
सर्वाधिक धोका शेतकऱ्यालाच. बियाणे विनापावती मिळते. उगवण झाली नाही किंवा पाकिटात भलतेच वाण निघाले, तर तक्रार करायला हातात कागद नसतो. फवारलेले तणनाशक वाऱ्याने शेजारच्या तूर-सोयाबीनवर गेले, तर ते पीक जळते.

मंजुरी मिळाली की प्रश्न सुटतो का?
नाही. बीटी कापसाभोवती बिगर-बीटी कापसाच्या ओळी लावण्याचा नियम होता. अळीत प्रतिकारशक्ती वाढू नये, हा त्यामागचा हेतू. अनेक शेतांत तो पाळला गेला नाही. पुढे गुलाबी बोंडअळी बीटीला दाद देईनाशी झाली. म्हणजे मंजुरीपूर्वीची तपासणी कडक, नंतरची देखरेख ढिली.

पुढे काय?
मोहरी प्रकरणात २३ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी वेगवेगळे निकाल दिले. मात्र जीएम पिकांसाठी राष्ट्रीय धोरण हवे, यावर दोघांचे एकमत होते. हे धोरण फक्त परवानगीपुरते राहिले, तर ‘चोर बीटी’चा प्रश्न तसाच उरेल. बियाणे विक्रीवर नजर, पेरणीनंतरची पाहणी आणि नुकसान झाल्यास जबाबदारी कोणाची, याची उत्तरेही त्यात असावी लागतील.