साचाही आपला, वीजही आपलीच

मुंबईच्या गिरण्यांत साचाखात्याचं दार आपल्या बापजाद्यांना बंद होतं. तुटलेला धागा तोंडाने ओला करून जोडावा लागे, म्हणजे सवर्ण साचेवाल्याला विटाळ. जास्त पगाराचं खातं बंद, कमी पगाराचं रिंगखातं उघडं. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल थेट संप कमिटीपुढे टाकला.

आज नेटवर कोणी विटाळ म्हणत नाही. दार सताड उघडं आहे. फक्त दारात मीटर लावलाय.

आपली किती पोरंपोरी आज नेटवर पोट भरतात बघा. डेटा एन्ट्री, व्हिडिओ कापणं, शिकवण्या, कस्टमरचे कॉल, आणि डिलिव्हरीवाले तर गल्लोगल्ली. दहा बाय बाराची खोली, तिथंच स्वैपाक, तिथंच ऑफिस. रोजचा दीड जीबी डेटा तास-दीड तासाच्या व्हिडिओ मीटिंगमधे उडतो. मग स्पीड अशी मरते की नुसता मेसेज जाईना. गिरणीमालक कितीही हरामखोर असला तरी साचा त्याचा होता, वीज त्याची होती. आताचा मालक दिसतही नाही. मोबाईल आपला, तोही हप्त्यावर. पेट्रोल आपलं, नेट आपलं. रेंज गेली तर ऑर्डर गेली, आणि रेटिंगही आपलंच पडणार. याला म्हणे ‘पार्टनर’ म्हणायचं! साला, भागीदारीत तोटा तेवढा आपला.

आता हिशेब मांडा, कारण लूट हिशेबातच लपलेली असते. प्लॅन 28 दिवसांचा. वर्षाचे महिने 12, रिचार्ज 13. तेरावा महिना कोणाच्या बापाचा? ओरड झाली तेव्हा 2022 मधे ट्रायने कंपन्यांना सांगितलं, निदान एक प्लॅन 30 दिवसांचा ठेवा. तो ठेवलेला असतो, पण जाहिरातीत नसतो. मागून घ्यावा लागतो. 2016 मधे फुकट डेटा वाटून गिऱ्हाईक धरलं, जुलै 2024 मधे तिन्ही खाजगी कंपन्यांनी दोन-तीन दिवसांच्या आत भाव चढवले. फुकटाची चटक लावणारा पुढे वसूल करतोच, हे आपल्याला गुत्तेवाल्याने केव्हाच शिकवलंय.

घरून काम करणार असाल तर वायरीची लाईन घ्या. पाटीवर 399 लिहिलं असेल तर 18 टक्के जीएसटी धरून 471 मोजावे लागतील, हे आधीच धरा. विकणारा पोऱ्या येईल, अमुक सिनेमे फुकट, तमुक चॅनेल फुकट असं सांगेल. त्याला एकच विचारा: अपलोड किती? काम पाठवायचं असतं ते अपलोडवर. ‘एअर’ नावाचं मिळतं ते हवेतून येतं, वायरीचं नव्हे. सहा महिन्यांचे पैसे एकदम भरू नका, आधी महिनाभर चालवून बघा. आणि झोपड्या पाडून उठवलेल्या टॉवरमधे एकाच केबलवाल्याचा दादागिरीने कब्जा असतो, दुसऱ्याची वायर जिन्यात येऊ देत नाहीत. तिथं एकट्याने भांडून उपयोग नाही, सगळ्या मजल्यांच्या सह्या घेऊन सोसायटीच्या मीटिंगमधे जायला हवं.

फसवणुकीबद्दल पांढरपेशे लेख भरपूर लिहितात. ओटीपी देऊ नका, लिंक दाबू नका. ठीक आहे. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो. ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्ट कायद्यात नाही. पैसे गेले तर तिथल्या तिथं 1930 ला फोन लावा, म्हणजे काढून घेण्याआधी ते अडकवता येतात. एवढं पाठ असूच दे.

पण आपल्या वस्तीवर येणारा सापळा वेगळा आहे. तिथं लुटायला पैसेच नसतात, म्हणून पोराचं नाव लुटतात. ‘पासबुक, एटीएम आणि सिम दे, महिन्याला चार-पाच हजार घे.’ बेकार पोरगं देतं. त्याच्या खात्यातून कुठल्यातरी म्हाताऱ्याची पेन्शन धुऊन निघते. वरचे हात दिसत नाहीत, खात्यावर नाव आपल्या पोराचं. पोलिसांची गाडी वस्तीत येते ती त्याच्याच दारात. केस लागली की भरतीच्या पडताळणीत नाव अडकणार, सरकारी नोकरी लांबच. याहून भयंकर म्हणजे डेटा एन्ट्रीच्या नोकरीचं आमिष दाखवून पोरांना म्यानमार, कंबोडियात नेऊन कोंडलं, आणि त्यांच्याच हातून लोकांना फसवून घेतलं. तेव्हा नोकरीच्या आधी पैसे किंवा पासपोर्ट मागणाऱ्याला दारातूनच हाकला. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते ‘संचार साथी’वर आजच बघा. अनोळखी नंबर निघाला तर तिथंच बंद करायला टाका.

2018 मधे एर्नाकुलम स्टेशनावरच्या हमालाने स्टेशनच्या वायफायवर अभ्यास करून लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा काढली. पेपरवाल्यांनी केवढं कौतुक केलं! माणूस जिद्दीचा, प्रश्नच नाही. पण पोरांनी फलाटावर बसूनच शिकायचं काय? गूगलने तर 2020 मधे त्या वायफायमधून अंगही काढून घेतलं.

डिसेंबर 2020 पासून सरकारची ‘पीएम-वाणी’ योजना आहे. चहावाला, किराणावाला, वाचनालय, कोणीही लायसन्सशिवाय, नोंदणी फीशिवाय लोकांना वायफाय देऊ शकतो. कंपन्या अशा ठिकाणांना लाईन महाग देत होत्या; जून 2025 मधे ट्रायने घरगुती दराच्या दुप्पटीपेक्षा जास्त घ्यायचं नाही अशी मर्यादा घातली. मग आपल्या वाचनालयांत, विहारांच्या अभ्यासिकांत हे का नाही? जयंतीच्या डीजेला एका रात्रीत उडतात त्या पैशांत वर्षभराची लाईन येते. (यावर शिव्या पडतील. पडू देत.) घरचा पासवर्ड अख्ख्या गल्लीला वाटू नका, कारण कोणी उद्योग केला तर जाब ज्याच्या नावावर लाईन त्याला. वाणीमधे प्रत्येकजण आपल्या मोबाईल नंबरावर ओटीपीने आत येतो, जबाबदारी ज्याची त्याची राहते. येत्या मीटिंगला विषय ठेवा: बिल कोणाच्या नावे, वर्गणी किती, आणि पोरी रात्री किती वाजेपर्यंत अभ्यासिकेत बसू शकतील. तिसऱ्या प्रश्नावरच जास्त वेळ जाईल, तो जाऊ द्या.